'करेक्शन'ला मराठीत काय म्हणायचे? दुरुस्ती, सुधारणा आणि त्यांची भावंडे

प्रश्न असा आहे: कायदा, शिक्षण आणि वैद्यक या तिन्ही क्षेत्रांतली पत्रके मराठीत आणताना 'करेक्शन' हा शब्द सारखा भेटतो. त्याला सगळीकडे 'दुरुस्ती' म्हटले तर चालेल का? की 'सुधारणा' हा शब्द जास्त सभ्य आणि सुरक्षित?

चालणार नाही, आणि 'सुधारणा'ही सगळीकडे सुरक्षित नाही. मराठीत 'दुरुस्ती' म्हटले की आधी काहीतरी चुकले किंवा मोडले होते, हे ऐकणाऱ्याने मनात धरलेलेच असते. इंग्रजीतला 'करेक्शन' तसे दर वेळी धरत नाही. त्यामुळे शब्द निवडण्याआधी पाहायचे ते एवढेच, की इथे खरोखर चूक झाली आहे का, आणि झाली असेल तर कोणाची. हे ठरवले की शब्द आपोआप सापडतो. हे न ठरवता शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द उचलला तर अर्ज फेटाळला जातो, पालक घाबरतात, नाहीतर बाळाची लस लांबते.

आधी शब्दांकडे पाहू. 'दुरुस्त' फारसीतून आला. अर्थ नीट, बरोबर, शाबूत. 'तंदुरुस्त' म्हणजे ज्याचे तन दुरुस्त आहे तो. म्हणजे शरीराशी या शब्दाचे नाते जुनेच आहे, पण मराठीत त्याची वाटणी झाली. शरीराकडे 'तंदुरुस्ती' गेली आणि नुसती 'दुरुस्ती' घड्याळ, पंप, रस्ता आणि कागद यांच्याकडे राहिली. दुरुस्तीत वस्तू पूर्वी होती तशी, किंवा असायला हवी होती तशी, करतात. 'सुधारणा' मात्र पूर्वी नव्हते ते आणते. आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या पत्राचे नाव 'सुधारक' होते. समाजाची कोणी 'दुरुस्ती' म्हणत नाही, कारण जुन्या स्थितीकडे परत जायचे नसते. अंदाजपत्रकातले 'सुधारित अंदाज', शेतातले 'सुधारित वाण' यांतही कोणाची चूक अभिप्रेत नाही. तिसरा शब्द 'शुद्ध'. तो कागदावर 'शुद्धिपत्रक' होतो, शाळेत 'शुद्धलेखन' होतो आणि दवाखान्यात 'पेशंट शुद्धीवर आला' असा येतो, तिथे तर त्याचा करेक्शनशी संबंधच उरत नाही.

आता कायदा. गोंधळाची किंमत इथे सर्वांत रोख मोजावी लागते, म्हणून इथे जास्त थांबतो.

बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत 'घटनादुरुस्ती' हा शब्द पक्का बसला आहे. पण संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात तळटिपा पाहा: 'संविधान (बेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७६'. राज्याच्या कायद्यांच्या शीर्षकांतही कंसात '(सुधारणा)' असते. याला कारण आहे. अनुच्छेद ३६८ खाली संसद जो बदल करते, तो पूर्वीचा मजकूर चुकला होता म्हणून करते असे नाही. त्र्याहत्तराव्या सुधारणेने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले, ती कशाची डागडुजी नव्हती. लेखात, भाषणात 'घटनादुरुस्ती' खुशाल लिहा, तो रुळलेला शब्द आहे. पण अधिनियमाचे नाव उद्धृत करताना 'सुधारणा'च लिहा, कारण ते नाव आहे.

शासन निर्णयात टंकलेखनाची चूक राहिली तर निघते ते 'शुद्धिपत्रक'. त्याची वाक्यरचना ठरलेली: अमुक परिच्छेदातील 'क्ष' या शब्दाऐवजी 'य' असे वाचण्यात यावे. 'वाचण्यात यावे' हे महत्त्वाचे, कारण मूळ निर्णय तसाच राहतो आणि पहिल्या तारखेपासून तो नव्या वाचनाने लागू धरला जातो. धोरणच बदलले असेल तर शुद्धिपत्रक पुरत नाही, 'सुधारित शासन निर्णय' लागतो. भाषांतर करताना दोन्हींना 'दुरुस्ती आदेश' म्हटले की हा फरक पुसला जातो, आणि लाभ कोणत्या तारखेपासून मिळणार यावर वाद उभा राहतो.

सातबाऱ्याचे उदाहरण जवळून पाहू. क्षेत्र ०.८१ हेक्टर आर असायला हवे आणि उताऱ्यावर ०.१८ पडले आहे. लोक लगेच 'दुरुस्ती अर्ज' लिहितात, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५ घालतात आणि तहसीलमध्ये देतात. पण कलम १५५ आहे 'लेखनप्रमादा'साठी. लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक, हितसंबंधितांनी मान्य केलेली चूक, किंवा तपासणीत अधिकाऱ्याच्या लक्षात आलेली चूक, एवढाच त्याचा पल्ला. तिसऱ्या प्रकारातही संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकती निकाली काढाव्या लागतात. म्हणून अर्ज लिहिण्याआधी तो आकडा ज्या फेरफारातून आला तो फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, काढा, गाव नमुना सहामधला. फेरफारात ०.८१ आहे आणि सातबाऱ्यावर ०.१८ उतरले असेल तर हा शुद्ध लेखनप्रमाद. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना असे आकडे उलटलेले सापडतात. जुना हस्तलिखित उतारा, फेरफाराची नक्कल आणि आजचा उतारा असे तीन कागद शेजारी-शेजारी लावले की काम स्पष्ट होते.

पण फेरफारातच ०.१८ असेल तर? मग खरेदीखत बघायचे. खतातच ०.१८ लिहिले असेल तर तलाठ्याची चूक नाही, चूक दस्तात आहे, आणि तहसीलदार दस्त बदलू शकत नाहीत. तिथे दुय्यम निबंधकाकडे 'चूक दुरुस्ती पत्र' नोंदवावे लागते. मूळ दस्तावर ज्यांच्या सह्या त्या सर्व पक्षांच्या सह्या लागतात. विकणारा वारला असेल तर त्याच्या वारसांच्या. कोणी सही द्यायला तयार नसेल तर विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३, कलम २६ खाली दिवाणी दावा, आणि त्यात दोन्ही पक्षांचा खरा हेतू एक होता पण परस्परांच्या चुकीने किंवा फसवणुकीने दस्तात तो उतरला नाही, हे सिद्ध करावे लागते. दुरुस्ती पत्राने क्षेत्र वाढत असेल किंवा मिळकतच बदलत असेल, तर तो नवा व्यवहार धरून मुद्रांक शुल्क मागितले जाऊ शकते.

आणि तिसरी शक्यता: वारसांच्या फेरफारात एका बहिणीचे नावच घातलेले नाही. घरचे लोक यालाही 'नाव दुरुस्ती' म्हणतात. ही दुरुस्ती नव्हे. इथे हक्काचा प्रश्न आहे, लेखनाचा नाही. याला जमीन महसूल संहितेच्याच कलम २४७ खालचे अपील. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवस. १५५ खाली असा आदेश मिळवला तरी तो वरच्या पायरीवर टिकत नाही, आणि तोवर अपिलाची मुदत निघून गेलेली असते. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर पुन्हा वाद. अर्जाच्या विषयात लिहिलेल्या 'दुरुस्ती' या एका शब्दापायी हे सगळे मागे लागते.

न्यायालयाच्या निकालातही हीच रेषा आहे. हुकूमनाम्यात, म्हणजे दिवाणी निकालाच्या औपचारिक आदेशात, मुद्दल १,२५,००० आणि व्याज १८,००० धरून बेरीज १,३४,००० पडली असेल, तर ती १,४३,००० करून घ्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५२ पुरते. लेखनातली किंवा हिशोबातली चूक न्यायालय केव्हाही, स्वतःहूनसुद्धा दुरुस्त करू शकते. पण व्याजाचा दरच चुकीचा लावला असे म्हणणे असेल तर दुरुस्ती नाही, अपील. त्याच्या अलीकडे-पलीकडे 'पुनर्विलोकन' आणि 'पुनरीक्षण' हे दोन वेगळे मार्ग आहेत. पहिल्यात तेच न्यायालय आपला निकाल पुन्हा पाहते (वर्तमानपत्रात ज्याला फेरविचार म्हणतात तो हाच), दुसऱ्यात वरचे न्यायालय खालच्याचे कामकाज तपासते. जमीन महसूल संहितेतही कलम २५७ म्हणजे पुनरीक्षण आणि २५८ म्हणजे पुनर्विलोकन. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडलेले अर्ज वारंवार दिसतात. जाता जाता, 'रिव्हिजन' हाच इंग्रजी शब्द शाळेत 'उजळणी' असतो, आणि सांधेरोपणाच्या विभागात 'बसवलेला सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया'.

वादपत्रातल्या, म्हणजे दावा मांडणाऱ्या कागदातल्या, बदलासाठी वकील 'दुरुस्तीचा अर्ज'च म्हणतात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खालचा. इथे भाषांतर करताना सांभाळून. दावा दाखल केल्यानंतर घडलेली गोष्ट आत घेण्यासाठीही हा अर्ज असतो. त्याला 'चूक दुरुस्ती' म्हटले तर आधीचे म्हणणे खोटे होते अशी कबुली दिल्यासारखे होते, आणि समोरचा वकील ती वापरतो. 'वादपत्रात पुढील मजकूर समाविष्ट करण्याची परवानगी मिळावी' असे सरळ लिहावे. पुरावा सुरू झाल्यानंतर असा अर्ज केला, तर पुरेशी दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडता आली नाही, हे दाखवावे लागते.

जन्मनोंदीचा नियम मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९, कलम १५: नोंद चुकीची असल्याचे सिद्ध झाले तर निबंधकाने मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्तीची नोंद करायची, सही करायची, तारीख घालायची. म्हणजे चूकही दिसली पाहिजे आणि ती कोणी, केव्हा निस्तरली तेही दिसले पाहिजे. शेवटी पुन्हा या नियमाकडे येऊ.

माणसाच्या बाबतीत मात्र कायदा 'दुरुस्ती' म्हणत नाही. तुरुंग खात्याच्या नावात 'कारागृह व सुधारसेवा' आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. तिथला 'सुधार' हा शब्द दुरुस्तीपासून किती दूर आहे ते त्यावरून कळते. 'बालसुधारगृह' हा बातम्यांतला शब्द मात्र टाळावा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात चौकशी चालू असलेल्या विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकासाठी 'निरीक्षणगृह' आहे, आदेशानंतर 'विशेषगृह' आहे, आणि ज्याने काहीच केलेले नाही पण ज्याला काळजी व संरक्षणाची गरज आहे त्याच्यासाठी 'बालगृह'. अनाथ मुलगी बालगृहात असताना 'सुधारगृहात ठेवली' असे लिहिणे म्हणजे तिच्यावर नसलेला दोष लादणे.

शिक्षणात 'करेक्शन'चे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. 'सर पेपर करेक्शनला गेलेत' यात काहीच दुरुस्त होत नाही. मराठीत पेपर 'तपासतात'. बोर्डाच्या कामात परीक्षक तपासतो, नियामक त्याची तपासणी पाहतो. निकालानंतरची 'गुणपडताळणी' म्हणजे सर्व उत्तरे तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का एवढेच पाहणे. उत्तराला दिलेले गुण योग्य आहेत का, हा प्रश्न 'पुनर्मूल्यांकना'चा, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. वर सांगितलेल्या कलम १५२ आणि अपिलाची हीच जोडी आहे: एकीकडे हिशोब, दुसरीकडे निर्णय.

दुसरा अर्थ मुलाच्या शिकण्याचा. इथे शिक्षणशास्त्राने वैद्यकाचीच भाषा उचलली: आधी 'नैदानिक चाचणी', मग 'उपचारात्मक अध्यापन'. शिक्षकांसाठीच्या कागदात हे शब्द योग्य आहेत, कारण त्यांच्यात क्रम आहे. निदान झाल्याशिवाय उपचार नाही. तिसरीतल्या मुलाने ५२ − २७ चे उत्तर ३५ लिहिले. शिक्षकाने लाल पेनाने ३५ खोडून २५ लिहिले. ही दुरुस्ती झाली, पण कागदाची. दुसऱ्या दिवशी तेच मूल ६३ − ४८ चे उत्तर २५ लिहिते. नीट पाहिले तर त्याच्या चुकीला नियम आहे: वर-खाली कुठेही असो, मोठ्या अंकातून लहान वजा करायचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, म्हणून ३५. हा निष्काळजीपणा नाही. त्याला दशक सुटा करायचे कळलेले नाही.

उपचार असा: पाच दशकांच्या काड्यांच्या जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्यायच्या आणि सात काड्या मागायच्या. दोनच सुट्या आहेत, मग एक जुडी त्याने स्वतः सोडायची. आता चार जुड्या आणि बारा सुट्या. हे त्याने तोंडाने सांगायचे, मग कागदावर पाचाचे चार आणि दोनाचे बारा लिहायचे. हातचा न लागणारी आणि लागणारी उदाहरणे मिसळून द्यायची, कारण नुसती हातच्याची दिली तर मूल प्रत्येक वेळी जुडी सोडायला लागते आणि ५८ − २३ सुद्धा बिघडवते. काही दिवसांनी पुन्हा चाचणी, त्याच प्रकारच्या पण नव्या आकड्यांवर. ३०४ − १७८ सारखे, मध्ये शून्य असलेले उदाहरण त्यानंतरच.

पण हेच पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत 'आपल्या पाल्यास उपचारात्मक वर्गात बसवण्यात येत आहे' असे गेले तर आई-वडिलांना मुलाला काही आजार आहे असे वाटते. शेजारच्यांनाही तसेच वाटते. तिथे 'वजाबाकीच्या सरावासाठी जादा तास' लिहावे. आणि 'अध्ययन अक्षमता' हा शब्द तर इथे मुळीच आणू नये. ती तज्ज्ञांनी चाचण्या करून ठरवायची वेगळी गोष्ट आहे.

वैद्यकात आले की 'दुरुस्ती' बहुतेक ठिकाणी सोडूनच द्यावी.

रक्ताच्या अहवालात 'करेक्टेड कॅल्शियम' असते. रक्तातले बरेच कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसते, जरी कामाचे कॅल्शियम ठीक असले तरी. म्हणून नेहमीचे सूत्र: मोजलेले कॅल्शियम, अधिक ०.८ गुणिले (४ वजा अल्ब्युमिन). कॅल्शियम ७.६ मिलिग्रॅम आणि अल्ब्युमिन २.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर १.५ ला ०.८ ने गुणून १.२, आणि उत्तर ८.८. याला 'दुरुस्त कॅल्शियम' म्हटले की नातेवाइकाला वाटते, प्रयोगशाळेने आधी चुकीचा आकडा दिला होता. 'सुधारित कॅल्शियम' म्हटले की वाटते, औषधाने फरक पडला. दोन्ही खोटे. 'अल्ब्युमिन लक्षात घेऊन काढलेले कॅल्शियम' हे लांब आहे, पण खरे आहे.

'करेक्टेड एज' याहून नाजूक. ३२ आठवड्यांना जन्मलेले बाळ आठ आठवडे आधी आले. ते सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्याचे करेक्टेड वय साधारण चार महिने. मान धरणे, पालथे पडणे, बसणे हे या चार महिन्यांच्या हिशोबाने पाहायचे, साधारण दोन वर्षांपर्यंत. लसीकरण मात्र जन्मतारखेपासूनच मोजायचे, बाळाची प्रकृती स्थिर असेल तर. पत्रकात 'सुधारित वय' छापले तर आई-वडिलांना वाटते की आता हेच खरे वय, आणि लस दोन महिने पुढे जाते. 'अपेक्षित तारखेला जन्मले असते तर आजचे वय' असे लिहावे आणि लगेच पुढच्या ओळीत 'लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच' हे वेगळे छापावे.

चष्म्याने नजर 'करेक्ट' होते म्हणजे डोळा दुरुस्त झाला असे नाही. चष्मा काढला की नजर पुन्हा तिथेच. म्हणून '६/६ करेक्टेड' ला 'चष्मा लावून ६/६' म्हणावे. रक्तातल्या सोडियमच्या बाबतीत करेक्शन ही कृती आहे आणि तिला वेग आहे. फार काळ खाली राहिलेले सोडियम २४ तासांत साधारण ८ ते १० मिलीमोल प्रति लिटरपेक्षा जास्त चढवत नाहीत, नाहीतर मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ शकते. इथे 'सोडियम हळूहळू पातळीवर आणत आहोत' हे वाक्य बरोबर. 'दुरुस्त करत आहोत' म्हटले की नातेवाईक विचारतात, एका सलाइनने का होत नाही.

आणि जन्मजात वाकडे पाऊल, क्लबफूट. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ आणतात, साधारण पाच-सहा प्लास्टर लागतात. बहुतेक बाळांत टाचेमागचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) छोट्या छेदाने कापून सैल करावा लागतो. मग ब्रेस, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारे साधन: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर झोपेत, चार-पाच वर्षांचे होईपर्यंत. शेवटचे प्लास्टर निघाल्यावर पाऊल दिसायला सरळ असते. त्या दिवशी आईला 'पाय दुरुस्त झाला' असे सांगितले की ब्रेस कपाटात जातो, कारण दुरुस्त झालेल्या वस्तूला पुन्हा कोणी बांधून ठेवत नाही. पाऊल परत वळण्याचे सर्वांत मोठे कारण ब्रेस सुटणे हेच आहे. म्हणून 'पाऊल सरळ आले आहे, आता ते सरळ टिकवायचे आहे' असे सांगावे. 'आले' आणि 'टिकवायचे' ही दोन्ही क्रियापदे हवीत.

रुग्णाला बरे वाटू लागले तर 'सुधारणा' हाच शब्द: 'प्रकृतीत सुधारणा आहे'. 'सुधारणे' हे क्रियापद मराठीत दोन्हीकडे चालते, 'डॉक्टरांनी चूक सुधारली' आणि 'पेशंट सुधारला'. म्हणून अहवालात 'सुधारले' एवढेच लिहून सोडू नये. काय सुधारले आणि कशाने, ते लिहावे.

'दुरुस्ती' वैद्यकात खरोखर लागते ती केसपेपरवर. डोस ५ ऐवजी ५० लिहिला गेला तर व्हाइटनर नाही, गिरवणे नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तो वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, वेळ. जन्मनोंदीच्या समासातला नियम तो हाच. व्हाइटनरखाली काय होते हे सांगता आले नाही, तर न्यायालयात तो कागद लिहिणाऱ्याच्याच विरुद्ध जातो.